यात्रेत आमची माणसं कोंडू नका

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या यात्रा कमिट्यांचे अध्यक्ष व पंच, देवस्थानांचे विश्वस्त आणि पुजारी यांस;
तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे अधिकारी आणि मानसोपचारतज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरते आहे. आपल्याकडे लक्ष्मीची यात्रा म्हणजे काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. घरं रंगतात, माहेरवाशिणींना बोलावणी जातात, गोव्याला आणि पुण्याला कामाला गेलेली पोरं रजा टाकतात, बांधावरून भांडलेले भाऊ निदान तेवढे दिवस एका पंगतीला बसतात. यंदाच्या बैठकीत गदग्याचा, म्हणजे देवी बसते त्या जागेचा, मंडप, पाण्याचे टँकर, गाड्या लावायची जागा, पोलीस बंदोबस्त असं सगळं व्यवस्थित ठरलं. मग एक सूचना आली. ज्यांच्या घरात 'डोक्यानं कमी-जास्त' माणसं आहेत त्यांनी यात्रा संपेपर्यंत त्यांना बाहेर सोडू नये. पाहुणे येणार, पुढारी येणार, उगाच गालबोट नको. हरकत कुणी घेतली नाही. लगेच जेवणावळीचा विषय निघाला.

माझा धाकटा भाऊ त्या माणसांपैकी एक आहे.

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ही रीत एका गावाची नाही. लेकी-सुना सांगतात, नातलग सांगतात: यात्रा आली की कुणाला मावशीकडे धाडतात, कुणाला मागच्या खोलीत ठेवून कडी लावतात. यात्रा कमिटीला त्यात वावगं वाटत नाही, आणि सरकारी दवाखान्याचा तर या सगळ्याशी संबंधच येत नाही. म्हणून हे पत्र दोघांनाही.

आधी माझं नातं सांगते. आमचं घर माळकरी. वडील एकादशी सोडत नसत. भाऊ आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागला होता. विशीतच त्याची झोप उडाली. शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणायचा, मग रेडिओवर आपलंच नाव घेतात म्हणायला लागला, मग देव त्याच्याशी बोलायला लागला आणि जेवण बंद झालं. आमच्याकडे अशा वेळी जे होतं तेच झालं. करणी असेल म्हणून कौल लावला, उतारे टाकले, भगत झाले. शेवटी एका ठिकाणी काही अमावस्या ठेवून घ्यायला सांगितलं. तिथून आणला तेव्हा त्याच्या घोट्यावर साखळीचा व्रण होता. तो अजून आहे.

पुढे एका डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे म्हणून सांगितलं आणि औषध सुरू केलं. महिन्या-दोन महिन्यांत तो शांत झोपायला लागला. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण लांबून आल्यासारखे झाले. आम्हाला वाटलं, सुटलो. मग एका तपासणीला त्याला विचारलं गेलं, पूजा किती वेळ करतोस? तो खुशीनं सांगायला लागला, भजनाचं, टाळाचं. समोरून उत्तर आलं, हे देवाधर्माचं खूळ आधी कमी कर. भाऊ परत त्या पायरीला शिवला नाही. गोळ्या बंद झाल्या आणि पुढचं वर्ष आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक.

म्हणजे एका दारात सांगितलं, गोळ्या सोड तर देव पावेल. दुसऱ्या दारात सांगितलं, देव सोड तर गोळ्या लागू पडतील. दोन्ही दारं चालवणारी माणसं आपापल्या जागी शहाणी आहेत. मधल्या मध्ये घर माझं बसलं.

यात्रा कमिट्या आणि देवस्थानांबद्दल आधी बोलते, कारण ती माझी माणसं आहेत.

कोंडण्याचा ठराव तुम्हाला किरकोळ वाटला असेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला, 29 मे 2018 पासून लागू आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, हे त्या कायद्यात लिहिलेलं आहे. अशा माणसाची घरात हेळसांड किंवा छळ होतो आहे असं वाटलं तर ठाण्याच्या अधिकाऱ्यानं ते ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, कलम 101. तुमच्या बैठकीला बीट हवालदार होते. त्यांच्यासमोर ही सूचना झाली. आणि कायदा राहू दे बाजूला, देवीच्या यात्रेत कुणी यायचं आणि कुणी नाही हे ठरवायचा अधिकार पंचांना दिला कुणी? भंडारा सगळ्यांच्या अंगावर पडतो.

साखळीचं मात्र कायद्याच्या भाषेतच बोलावं लागेल. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. दर्ग्यात बरं वाटेल म्हणून आणून ठेवलेली माणसं खांबांना साखळदंडानं बांधलेली होती. पळता आलं नाही. 28 जण गेले. देशभर हळहळ झाली, सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आता 2017 च्या कायद्याचं कलम 95 सांगतं की अशा माणसाला कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात साखळी घालता येणार नाही. उत्तर प्रदेशातल्या बदायूँच्या एका श्रद्धास्थानी साखळदंडात ठेवलेल्यांचं प्रकरण 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हाही न्यायालयानं हेच कलम दाखवलं. कर्नाटकाचा अमानुष प्रथा आणि काळी जादू प्रतिबंधक कायदाही 2020 पासून लागू आहे. भूत काढायच्या नावाखाली मारहाण हा त्यात गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट विश्वस्तांनी नीट वाचावी. मानसिक रुग्णांना सांभाळण्यासाठी जागा चालवत असाल तर, नाव मठ असो, आश्रम असो की धर्मशाळा, नोंदणी लागते. 'आम्ही फक्त सेवा करतो' हे उत्तर चालत नाही.

पुजारी मंडळींना दोष देताना माझी जीभ जड होते. रात्री दोन वाजता भाऊ ओरडत असताना दार उघडणारा माणूस पुजारीच होता. पण 'गोळ्या चालू असतील तर देवीचा गुण येणार नाही' हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडी आहे. त्या एका वाक्यानं माणसं परत आजारात जातात. कडक उपासाचंही तेच. लिथियम नावाच्या गोळ्यांवर असलेल्या माणसानं पाणीसुद्धा न घेता दिवस काढला तर रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, तोल जातो, वेळेत लक्ष गेलं नाही तर जिवावर बेततं. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्हाला ते कुणी येऊन सांगितलं नाही, ही माझी तक्रार डॉक्टरांकडे आहे. ती पुढे येते.

आणि जट. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या, डोंगराला मानणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे सांगावं लागू नये, तरी सांगते. बाईचं मन खचलं, तिनं महिनोन्‌महिने केस विंचरले नाहीत, न्हाली नाही, की केसांत जट होते. घरचे म्हणतात, यल्लम्माचं बोलावणं आलं. मग ती जट कापायची नाही, उलट तिला हळदकुंकू लावायचं, आणि बाईचं पुढचं आयुष्य त्या जटेच्या मागे. देवदासी सोडण्यावर कर्नाटकानं 1982 सालीच कायदा करून बंदी घातली. पण त्या आधीची पायरी, म्हणजे खचलेली बाई, तिला 'तुला झोप लागते का, जेवण जातं का' असं विचारायला कुणी नसतं. डोंगरावर श्रद्धा ठेवूनच मी हे लिहिते. आमच्या घरात रेणुकेचा टाक आहे.

आता डॉक्टरसाहेब आणि अधिकारी.

तुमच्या शास्त्राची चेष्टा करायला मी बसलेली नाही. माझा भाऊ त्याच शास्त्रामुळे माणसात आहे. म्हणूनच तुमच्याच पुस्तकांतलं तुम्हाला सांगते. अंगात येणं हा तुमच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सरसकट आजार नाही. धार्मिक किंवा रूढ प्रसंगाबाहेर, माणसाची इच्छा नसताना, त्याचं रोजचं जगणं मोडून जे येतं, तेवढ्यालाच आजार म्हणतात. होन्नाट, म्हणजे भंडारा उधळत देवीला खेळवणं, चालू असताना जिच्या अंगात वारं येतं आणि तासाभरानं जी घरी जाऊन भाकऱ्या थापते, ती तुमची रुग्ण नाही. कायद्याच्या कलम 3 मध्येही स्पष्ट आहे की एखाद्याचा धर्मगट, किंवा समाजाच्या श्रद्धांशी त्याचं न जुळणं, यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. जागतिक मानसोपचार संघटनेनं 2015 साली ठराव केला की रुग्णाची श्रद्धा, अध्यात्म यांची आपुलकीनं चौकशी करणं हा तपासणीचाच भाग समजावा, डॉक्टरनं स्वतःची मतं, धार्मिक असोत वा निधर्मी, रुग्णावर लादू नयेत, आणि धर्मातल्या जाणत्यांबरोबर मिळून काम करावं. फ्रॉइडनं धर्माला मानवजातीचा मनोविकार म्हटलं त्याला शंभरेक वर्षं होत आली. आमच्या भागातल्या काही तपासणी खोल्यांत अजून तेच साल चालू असावं.

तुमच्यातल्याच लोकांनी केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. तमिळनाडूत मुथुस्वामीच्या नावाचं एक देऊळ आहे. मनानं आजारी माणसं तिथं काही आठवडे राहतात, झाडलोट करतात, रोपांना पाणी घालतात, पूजेला बसतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या 31 जणांना आल्यावर आणि जाताना तपासलं. लक्षणं मोजायच्या मापावर जवळपास 20 टक्के उतार दिसला. हे 2002 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माणसं थोडी होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून औषधं टाका असं म्हणणारा मूर्खच. पण त्यांनी लिहिलेलं एक निरीक्षण महत्त्वाचं आहे: तिथं कुठले खास उपचार-विधी नव्हते. आधार देणारी, न घाबरवणारी जागा होती. घरचं माणूस सोबत होतं. देवस्थानानं एवढं दिलं तरी पुष्कळ झालं.

भाषेबद्दल एकच, पण ठासून. रक्त तपासून किंवा फोटो काढून स्किझोफ्रेनिया कळत नाही. माणूस काय बोलतो, कसं बोलतो यावरूनच डॉक्टरला ठरवायचं असतं. आम्हाला कानडी येते. बाजार कानडीत होतो, बसचा पास कानडीत होतो, शेजारणीशी भांडण झालं तर तेही होतं. पण मध्यरात्री कानात कोण काय म्हणतं, ते माझ्या भावाला मराठीतच सांगता येतं. खानापूर, निपाणी भागात मराठी बोलणारे रुग्ण किती येतात हे तुम्हाला रोज दिसतं. कलम 22 नुसार आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे. यात सीमावादाचं काही नाही. चिकोडीच्या कानडी आजीला कोल्हापूरच्या दवाखान्यात कानडीतच समजावलं पाहिजे, हेही मी त्याच दमात म्हणेन.

औषधांचं म्हणाल तर सरकारी यादीतली मानसिक आजाराची औषधं समुदाय आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि फुकट मिळायला हवीत, असं कलम 18 सांगतं. 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर मधुमेहवाल्याला परवडत नाही, यांना तर नाहीच.

सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही तिथं येत नाही जिथं आम्ही आधी जातो. राज्याच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका दवाखान्यात मानसोपचाराची तपासणी ठेवलेली आहे. कल्पना चांगली आहे. पण अमावस्या आणि पौर्णिमा कधी मंगळवार बघून येत नाहीत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ती माणसं घरी बसलेली नसतात हो. ती सौंदत्तीला असतात, चिंचलीला मायाक्काच्या यात्रेत असतात, गावच्या दर्ग्यात गुरुवारी असतात. आजार सुरू झाल्यापासून उपचार जितका लांबतो तितकं सुधारणं अवघड होतं, हे तुम्हीच सांगता. मग तो वेळ जिथं जातो तिथं टेबल मांडा. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात हे झालेलं आहे. तिथले मुजावर प्रशिक्षण घेऊन दुआ देतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे माणूस पाठवतात. दवा आणि दुआ, दोन्ही. दर्ग्याचं उत्पन्न बुडालं नाही आणि डॉक्टरांचं विज्ञानही.

मी आमच्या बैठकीत असंच एक टेबल मागितलं होतं. कमिटीनं विचारलं, देवीच्या दारात वेड्यांचा डॉक्टर कशाला? एका सरकारी कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं की धार्मिक कार्यक्रमात आम्ही कसे बसणार. त्याच धार्मिक कार्यक्रमात रक्तदाब तपासायचं टेबल असतं, मलेरियाचा बॅनर असतो, रुग्णवाहिका उभी असते.

म्हणून मागण्या. थोड्या आहेत आणि खर्चाच्या नाहीत.

कमिट्यांनी कोंडण्याची सूचना मागे घ्यावी, आणि ती जशी सगळ्यांसमोर दिली तशी सगळ्यांसमोर मागे घ्यावी. गर्दीत कुणी बिथरलं तर बसायला एक शांत खोली आणि समजावणारी दोन माणसं ठेवा. दारू पिऊन पडणाऱ्यांसाठी तुम्ही पोरं नेमताच की.

प्रत्येक देवस्थानानं, दर्ग्यानं आपल्या आवारात साखळी, मारहाण, डांबणं चालणार नाही असा फलक मराठी-कानडीत लावावा. त्याच फलकावर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक मदतीच्या सरकारी फोन सेवेचा, नंबर असावा. ही सेवा 2022 पासून फुकट आहे, रात्रीही चालते, आणि भाषा निवडता येते.

पुजारी, भगत, मुजावर यांनी अंगारा जरूर द्यावा. देताना एवढंच म्हणावं, 'डॉक्टरच्या गोळ्या सोडू नको.' तुमचा शब्द आमच्या घरात कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त चालतो.

आरोग्य खात्यानं मोठ्या यात्रांच्या दिवशी, आणि सौंदत्तीसारख्या ठिकाणी दर पौर्णिमेला, मराठी आणि कानडी दोन्ही येणारा समुपदेशक आणि शक्य तिथं मानसोपचारतज्ज्ञ बसवावा. सौंदत्तीच्या डोंगराच्या विकासासाठी केंद्रानं 2024 साली 100 कोटी मंजूर केले आहेत. त्यात यासाठी एक खोली बसत नसेल तर कुठली खोली आणि कुणासाठी, हे तरी सांगा. पुजाऱ्यांना बोलावून अर्धा दिवस त्यांच्याशी बोला: झटके म्हणजे काय, बाळंतीण अचानक बरळायला लागली तर किती घाई करायची, उपासात कोणत्या गोळ्यांची काळजी घ्यायची. भाषण करू नका, त्यांचंही ऐका. कोणत्या घरात काय चाललंय ते त्यांना तुमच्या आधी कळतं.

आणि डॉक्टरांनी तपासताना देवाबद्दल विचारावं. उत्तर ऐकून घ्यावं.

भाऊ आता दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जातो. गिरणीवर बसतो, संध्याकाळी भजनाला टाळ घेऊन असतो. या डॉक्टरांनी गोळीची वेळ भजनानंतरची लावून दिली, कारण आधी घेतली की त्याला पेंग येते. एवढ्याशा गोष्टीनं त्याचं औषध टिकलं. यंदा यात्रेत देवी गदग्यावर बसेल तेव्हा तो माझ्याबरोबर येणार आहे. ठराव मागे घेतला तरी आणि नाही घेतला तरी. अडवायचं असेल त्यांनी दिवसाउजेडी, माझ्यासमोर अडवावं. मग कलम कुठलं ते ठाण्यात बघू.

या पत्राची प्रत तालुका दवाखान्याला, तहसीलदारांना आणि ठाण्याला देते आहे. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाणं मराठीत मांडलं आहे. उत्तर मराठीत आलं तर बरं, कानडीत आलं तरी वाचीन, पण तोंडी नको, लेखी हवं, आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीआधी हवं.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त मराठी शाळा शिक्षिका